गाडीच्या चावीची ‘पाच गुपितं’: त्यातलं खरं किती?

‘गाडीच्या चावीची पाच गुपितं, जी कंपन्या कधीच सांगत नाहीत’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चावी गाडीत अडकली तर घरी फोन लावा, दुसरी चावी फोनला लावून बटण दाबायला सांगा, गाडी उघडेल. रिमोट हनुवटीला टेकवला की लांबून चालतो. अनलॉक दाबून धरलं की कुठल्याही गाडीच्या काचा खाली येतात. रिमोटचा सेल संपला की गाडी टो करण्यावाचून इलाज नाही. आणि रिमोटने गाडी लॉक करूच नका, चोर कोड पकडतात.

असल्या मेसेजच्या नादी मी सहसा लागत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचा अडीच वर्षांचा मुलगा गाडीत अडकला. चावी त्याच्याच हातात होती, खेळता खेळता त्याने लॉक दाबलं. बाहेर उभ्या असलेल्या तिला हा मेसेज आठवला. तिने नवऱ्याला फोन लावला, स्पीकर सुरू करून फोन दाराशी धरला, आणि पलीकडे तो बिचारा दुसऱ्या चावीचं बटण दाबत राहिला. सहा-सात मिनिटं गेली. शेवटी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मागची काच फोडली. मुलगा घामाने निथळत होता, पण सुखरूप होता. उन्हातल्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान साधारण १० अंशांनी चढतं. म्हणून ती सहा-सात मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

फोनचा मुद्दा पूर्ण खोटा आहे. फोनचा माइक आवाज पकडतो, आणि रिमोटमधून आवाज निघतच नाही, रेडिओ लहर निघते. सेकंदाला ४३ कोटी ३९ लाख कंपनांची, काही देशांत साडेएकतीस कोटींची. फोनवरून पलीकडे पोचतात ती फार तर काही हजार कंपनं, माणसाच्या बोलण्यापुरती. ज्या गाड्या कंपनीच्या ॲपवरून उघडतात, तिथे हुकूम इंटरनेटवरून थेट गाडीतल्या सिमपर्यंत जातो. ती सोय वेगळी, तिचा या युक्तीशी काही संबंध नाही. मूल आत असेल तर आधी आपत्कालीन नंबर लावा. मदत यायच्या आधी मूल मलूल व्हायला लागलं, तर त्याच्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा. पुढच्या काचेच्या नादी लागू नका. तिच्या दोन थरांत प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण वाट देत नाही.

हनुवटीचं मात्र खरं आहे. डोक्यात पाणी भरपूर, त्यामुळे रिमोटच्या इवल्याशा अँटेनाला शरीराची साथ मिळते आणि पल्ला थोडा वाढतो. हात उंच करूनही फरक पडतो. मेसेजमधला हाच एक मुद्दा मी खोडणार नाही.

आता काचांचा मुद्दा. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे, कारण ‘कुठल्याही गाडीत’ हे शब्दच चूक आहेत. रिमोट फक्त ‘मी अमुक चावी, माझं अमुक बटण दाबलं गेलंय’ एवढंच कळवतो. पुढे काय करायचं हे गाडीतला कंट्रोल युनिट ठरवतो. त्यामुळे एकाच चिन्हाचं बटण दोन गाड्यांत दोन कामं करतं. अनलॉक एकदा दाबल्यावर कुठे चारही दारं उघडतात, कुठे फक्त ड्रायव्हरचं आणि बाकीची दुसऱ्यांदा दाबल्यावर. लॉक दोनदा दाबलं की काही गाड्या हॉर्न देऊन खात्री पटवतात. काहींत डबल लॉक लागतं, म्हणजे आत बसलेल्यालाही हँडल ओढून दार उघडता येत नाही. डिकीचं बटण बऱ्याचदा धरून ठेवावं लागतं, खिशात चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. गोल बाणाचं चिन्ह असेल तर ते बहुधा लांबून इंजिन सुरू करण्याचं, पण काही गाड्यांत आधी लॉक दाबल्याशिवाय ते जुमानत नाही. लाल बटण पॅनिकचं. त्याने हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात, बस. पोलिसांना त्यातून काहीही कळत नाही.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही हे बदलतं. वरच्या व्हेरियंटला दिलेली सोय खालच्याला नसते. लांब दाबून काचा उतरवायची सोय कुठे सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेली असते, कुठे मुळातच नसते. आणि जिथे ती असते, तिथे चावी घट्ट जीन्सच्या खिशात दाबली गेली की रात्रभर पावसात काचा उघड्या राहतात. आमच्या काकांच्या गाडीची सीट वाळायला आठवडा लागला होता.

सेल संपला की गाडी ठप्प, हेही चूक. रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो सरकवून ओढलं की आतून बोटाएवढी धातूची चावी निघते. दाराच्या हँडलवर भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाशी असलेली प्लास्टिकची टोपी नीट बघा. तिच्या खालच्या अंगाला छोटी खाच असते. तिच्यात चावीचं टोक घालून टोपी उचकटली की मागे कुलूप सापडतं. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीत आत बसून तोच मेलेला रिमोट स्टार्ट बटणाला टेकवायचा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा खाचा किंवा कप्पा असतो. रिमोटमधल्या इमोबिलायझरच्या (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चिपला सेल लागतच नाही, गाडीतली कॉइल तिला तेवढ्यापुरती वीज पुरवते. नवा सेल घेताना जुन्यावरचा आकडा वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

राहिला चोरांचा मुद्दा. भीती निराधार नाही, पण सांगितलेला उपाय चुकीचा आहे. रिमोटने गाडी उघडायची सोय १९८२ साली रेनो फ्यूगोमध्ये आली, तीही इन्फ्रारेडवर. पुढे रेडिओचे रिमोट आले. त्यातले जुने दर वेळी एकच कोड पाठवायचे, त्यामुळे तो पकडून पुन्हा वाजवला की गाडी उघडायची. यावर रोलिंग कोडचा तोडगा निघाला. दर दाबण्याला कोड बदलतो आणि वापरलेला कोड गाडी पुन्हा स्वीकारत नाही. तरी २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक सॅमी कामकार यांनी त्यातूनही वाट दाखवून दिली. यंत्राने पहिला कोड गाडीपर्यंत पोचू न देता टिपायचा, मालकाने वैतागून पुन्हा दाबलं की दुसराही टिपायचा आणि गाडीला पहिला ऐकवायचा. दुसरा कोरा कोड चोराच्या हातात राहतो.

पण बटण न दाबून सुटका होत नाही. कीलेस गाडी, म्हणजे चावी खिशात असली तरी उघडणारी, स्वतःच जवळच्या चावीला हाक मारते आणि चावी खिशातूनच उत्तर देते. दोन चोर हीच हाक-उत्तरं लांबवर पोचवतात, एक गाडीशी, एक तुमच्या दाराशी. २०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं अशी तपासली आणि दहाही उघडली. त्यावर चावी घरात घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी. डबा खरंच अडवतो का ते गाडीशी उभं राहून बघा: चावी डब्यात असताना दार उघडलं, तर डबा कुचकामी. आणि लॉक केल्यावर दिवे लुकलुकले का ते पाहून हँडल एकदा ओढायचंच. कोणी रिमोटचा सिग्नल अडवला असेल तर तिथेच कळेल.

मावसबहिणीच्या चावीवर चार बटणं आहेत. त्या प्रसंगानंतर आम्ही दोघी मॅन्युअल घेऊन गाडीशी उभ्या राहिलो. गाडी मोकळ्यावर घेतली, कारण रिमोटने इंजिन सुरू झालं तर बंद जागेत धूर कोंडतो. मूल गाडीबाहेर, एक दार उघडं, दुसरी चावी माझ्या हातात. प्रत्येक बटण एकदा, दोनदा, मग पाच सेकंद धरून दाबलं आणि काय झालं ते लिहून काढलं. अनलॉक धरून ठेवलं तेव्हा काचा जागच्या हलल्या नाहीत. लॉक दोनदा दाबलं की डबल लॉक लागतं, हे तिला तीन वर्षांत पहिल्यांदाच कळलं. त्या कागदाचा फोटो आता नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये आहे आणि दुसरी चावी तिच्या नवऱ्याच्या ऑफिसऐवजी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे असते.