गोगलगायीच्या बुळबुळीत पाण्यावरून कट्ट्यावर जुंपली

परवा संध्याकाळी गोव्यात आमच्या फोंड्याला वळवाचा पाऊस एकदम कोसळून गेला आणि आमच्या कट्ट्यामागच्या भिंतीवर गोगलगायी चढायला लागल्या. आम्ही नेहमीचे चौघे शैलामावशीच्या गाड्यावर रस ऑम्लेट घेऊन बसलेलो. राजेश त्या भिंतीकडे बघून म्हणाला, हा पैसा चढतोय रे भिंतीवर, कोणी गोळा करत नाय. त्याच्या बायकोने ऑनलाइन कोरियन क्रीम मागवलंय गोगलगायीच्या स्रावाचं, एवढीशी बाटली आणि किंमत ऐकून हा गारच पडलेला. त्याचं म्हणणं, आपल्याकडे पावसात बागेत फुकट फिरतात, मग थेट तेच का नाय लावायचं?

सुरेश म्हणाला शी, घाण. आणि बस, सुरू झालं.

दिगू फार्मसीत काम करतो. तो आधी शांतपणे बोलला, की क्रीममध्ये अल्लांटॉइन, हायलुरॉनिक ॲसिड वगैरे असतं, त्याने त्वचा ओलसर राहते एवढं खरं, पण डाग जातात, वय कमी होतं असं जे लिहितात त्याला तेवढा भक्कम पुरावा नाय. आणि मग त्याचा आवाज चढला. बागेतली गोगलगाय हातात घेऊ नको, म्हणाला. उंदराच्या फुप्फुसात राहणारा एक बारीक जंत असतो, त्याची पिल्लं गोगलगायीच्या अंगात वाढतात, ती पोटात गेली तर थेट मेंदूच्या आवरणाला सूज येते. कच्ची गोगलगाय खाऊन लोक आजारी पडलेत, मेलेत पण. ती मोठी आफ्रिकन गोगलगाय तर आपली नव्हेच, १८४७ साली एका इंग्रजाने मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून पसरत गेली. राजेशने हात पँटला पुसला.

मी म्हणलं घाण म्हणून सोडून देणं पण बरोबर नाय. कारण मला ह्या विषयाचं थोडं वेड आहे आणि ते उगाच नाय. माझे बाबा गेले ते कॅन्सरने, हाडात पसरलेला. हॉस्पिटलात मॉर्फिन द्यायचे, पहिल्यांदा झोप लागायची, मग डोस वाढवला, परत वाढवला, आणि शेवटी शेवटी डोस किती पण वाढला तरी बाबा रात्रभर कण्हायचे आणि आम्ही नुसते पाय चेपत बसायचो. त्यानंतर कधीतरी मी कोन स्नेलबद्दल वाचलं. शंखासारखी नक्षीदार गोगलगाय, समुद्रातली, तिला विषारी भाला असतो, मासा जवळ आला की टोचते आणि मासा जागच्या जागी लुळा. तिच्यातली एक जात माणसाला पण मारू शकते. फिलिपीन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत युटाहला ह्या विषाचा अभ्यास करत होते आणि त्यांच्या लॅबमध्ये एका पोराला, मायकेल मॅकिंटॉशला, त्या विषात एक छोटं प्रथिन सापडलं. त्याचंच पुढे झिकोनोटाइड नावाचं औषध झालं, २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पुढे नेणारी कॅल्शियमची एक वाट असते, ते तीच बंद करतं. मॉर्फिनच्या वाटेने ते जातच नाय, म्हणून त्याची तशी सवय लागत नाय.

सुरेश गप्प झाला. तो बाबांना ओळखायचा.

दिगूने मात्र सोडलं नाय, आणि ते बरंच झालं. म्हणाला, अर्धी गोष्ट सांगू नको, ते औषध गोळीसारखं घेता येत नाय, कातडीखाली पंप बसवून नळीने पाठीच्या कण्यातल्या पाण्यात थेंब थेंब सोडावं लागतं, आणि माणूस गोंधळतो, भास होतात, म्हणून ज्याला दुसऱ्या कशानेच आराम नाय त्यालाच देतात. मी म्हणलं हो रे, मान्य, पण त्या विषातून कोणी काही शोधलंच नसतं तर एवढं पण हातात नसतं. ह्याच जमातीतल्या एका गोगलगायीच्या विषात इन्सुलिन आहे, २०१५ ला कळलं, माशांची साखर एकदम पाडून त्यांना सुस्त करायला ती ते पाण्यात सोडते. आपलं इन्सुलिन रेणू रेणू चिकटून गठ्ठे करून राहतं, ते सुटायला वेळ लागतो, हिचं तसे गठ्ठे करत नाय म्हणून झटक्यात काम करतं, त्यावरून डायबेटिसवाल्यांसाठी पटकन काम करणारं इन्सुलिन बनवायची खटपट चाललीय. आणि कॅलिफोर्नियाकडे एक मोठं चपटं शंखातलं जनावर आहे, त्याचं रक्त निळं, तांब्यामुळे. त्या निळ्या रक्तातलं प्रथिन लशींच्या संशोधनात वापरतात, कारण आपलं शरीर त्याला बघून लगेच खवळतं, मग ज्या बारीकशा रेणूकडे शरीर ढुंकून बघत नाय तो ह्याला बांधून दिला की त्याची पण दखल घेतं.

शैलामावशी इतका वेळ कांदा कापत ऐकत होती. ती मधेच म्हणाली, तुमचे शंख राहू देत, शिणाण्यांचं बोला. (शिणाणे म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, आमच्याकडे आवडीने खातात.) शिणाणे साफ करताना ते केस असतात ना, काळपट दोरे, ते ओढताना माझी बोटं सोलून निघतात, खडकाला काय चिकटून बसतात मेले.

मला तर उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कारण सगळी गंमत त्या केसांतच आहे! शिणाणे आपल्या पायातून पातळ रस सोडतात, त्याचा दोरा होतो आणि टोकाला गोंद, तो पण खाऱ्या पाण्यात, लाटा आपटत असताना धरतो. आपला कुठला गोंद ओल्यावर धरतो सांगा. हर्बर्ट वेट म्हणून एका शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवलं की त्या गोंदाच्या प्रथिनात डोपा नावाचा रेणू असतो, ओल्यात चिकटायला तोच मदत करतो. डोपा म्हणजे तोच जो पार्किन्सनच्या रोग्यांना देतात आणि आपल्या खाजकुयलीच्या बियांत सापडतो. ऑपरेशनमध्ये सगळं ओलंच असतं, रक्त, पाणी, तिथे टाके न घालता काप चिकटवायचा तर असाच गोंद पाहिजे, म्हणून जगभर त्याच्यामागे लागलेत. पेशी काचेवर चिकटवायला लॅबमध्ये तो विकत मिळतो पण.

राजेशचे डोळे परत चमकले, म्हणजे शिणाण्यांचा धंदा? इथे मात्र मी त्याच्यावर ओरडलोच. एक ग्रॅम गोंद काढायला सुमारे दहा हजार शिणाणे मारावे लागतात, म्हणून तर आता शास्त्रज्ञ तेच प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेतात नाहीतर नुसती कल्पना उचलतात. २०१७ ला हार्वर्डवाल्यांनी बिनशंखाच्या गोगलगायीच्या चिकटपणावरून जखमेची पट्टी केली, डुकराच्या हृदयावर रक्तात पण चिकटली, आणि त्यात गोगलगायीचा एक थेंब नाय, समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आणि वरून चिकट पॉलिमर. मला वाटतं शिकायचं ते हे, जनावर कसं करतं ते बघा आणि जनावराला खडकावर राहू द्या. आपले खडक आधीच ओरबाडून उघडे पडत चाललेत, लहान शिणाणे पण लोक खरवडून नेतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो.

सुरेश म्हणाला मग आपल्याकडे कोणी करतं की सगळं बाहेरच? करतात रे. दोना पावलाच्या एनआयओने, म्हणजे समुद्रावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, आपल्या हिरव्या शिणाण्यांच्या अर्कावर काम केलंय, हाडं झिजवणाऱ्या पेशींना रोखण्यासाठी, त्याचं पेटंट पण घेतलं. कोचीच्या सीएमएफआरआय ह्या समुद्री मासळीवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने सांधेदुखीसाठी त्याच शिणाण्यांच्या अर्काच्या कॅप्सूल काढल्या. फोंड्याहून दोना पावला तासाभरावर आणि आमच्यातल्या एकाला पण माहीत नव्हतं, ह्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

कॅप्सूल म्हणल्यावर मावशी सुरी खाली ठेवून पुढे आली. आयक रे पुता, माझ्या गुडघ्याला चालतील त्या?

दिगूने लगेच हो म्हणलं नाय, आणि ह्यासाठी मला तो आवडतो. त्याने विचारलं शिणाणे, तिसऱ्यो खाऊन कधी अंगाला खाज, ओठ सुजलेत काय? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे काय? न्यूझीलंडच्या शिणाण्यांच्या तेलावर संधिवातासाठी खूप वर्षं अभ्यास झालेत, कुठे थोडा आराम दिसला कुठे काहीच नाय, तेव्हा डॉक्टरची गोळी बंद करून तर मुळीच घेऊ नको. मावशी म्हणाली, मग शिणाणे तळून खाल्ले तर? खा की, तो म्हणाला, पण समुद्राला लाल-तांबडा रंग चढला असेल तेव्हा नको. १९९७ ला केरळात विझिंजमला शिणाणे खाऊन माणसं मेली, पाण्यातल्या बारीक शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं आणि शिजवून पण जात नाय.

रक्त पातळ करायची गोळी चालूच निघाली. तिने पिशवीतून पाकीट काढून दिगूला दाखवलं, त्याने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला तुझ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घेऊ नको, सोमवारी मी पण येतो बरोबर.

निघताना मी मावशीला म्हणलं, पुढच्या खेपेला शिणाणे साफ करशील तेव्हा ते केस टाकू नको, मला भिंगातून बघायचेत. ती म्हणाली, बघायचे तर ये सकाळी सातला, आणि ओढ तूच.