पुशरॉड लांब करून क्लच सुटत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या क्लच पेडलवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. एक, दहा मिनिटांच्या कामाला मी अर्धा दिवस लावायला सांगतो. दोन, तुमच्या मिस्त्रींनी स्लेव्ह सिलिंडरचा पुशरॉड सहा मिमी लांब करून दिला आणि रिव्हर्स टाकताना होणारी करकर थांबली. तीन, गोव्याच्या दमट हवेत क्लचमध्ये डॉट 4 हे नेहमीचं ब्रेक-क्लचचं तेल घालणं म्हणजे गंजाला आमंत्रण, सिलिकॉनचं डॉट 5च हवं. तिसऱ्या हरकतीत अर्धं तथ्य आहे. आधी पुशरॉड.

मारुती 800 सारख्या केबलच्या गाडीत नट फिरवला की केबलचा ढिलेपणा जातो आणि पेडलची वाया जाणारी चाल कामी लागते. मिस्त्रींच्या हाताला तीच सवय. एमजीबीचा क्लच मात्र 1962 पासून 1980 पर्यंत हायड्रॉलिकच राहिला : पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते तेल खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन ढकलतं आणि पुशरॉड क्लचचा फोर्क हलवतो. त्यात अ‍ॅडजस्टमेंटची सोयच नाही, कारण गरज नाही. स्लेव्हच्या आत पिस्टनमागे हलकी स्प्रिंग असते, ती पिस्टनला कायम पुशरॉडला टेकवून ठेवते. रॉड सहा मिमी लांब केला की पिस्टन सहा मिमी आत जाऊन बसतो, एवढंच. पेडल दाबल्यावर मास्टर तेवढंच तेल ढकलतो आणि फोर्क तेवढाच हलतो.

मग करकर थांबली कशी? नवा रॉड बसवताना पिस्टन आत दाबावा लागतो. त्याबरोबर तेल उलटं वर चढतं आणि पाइपात अडकलेली हवा टाकीतून निघून जाते. बहुधा तुमचा क्लच नकळत ब्लीड झाला आणि श्रेय रॉडला मिळालं. जुना रॉड परत लावून पाहा. तो फेकला नसेल अशी आशा.

लांब रॉड तसाच ठेवण्यात धोका आहे. क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटं फोर्कच्या टोकावरच्या रिलीज बेअरिंगला मागे सारतात आणि स्लेव्हचा पिस्टन आणखी आत जातो. तिथे जागा संपली की बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चोर्ला घाटाच्या चढावर क्लच घसरायला लागतो. शिवाय बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीच्या, त्या खोल भागात जुना गाळ आणि गंज असतो. पिस्टनचा रबरी सील त्यावर घासून फाटतो.

मास्टरचा रॉड वेल्डिंग करून लांब करणं त्याहून वाईट. पेडल सोडलेलं असताना मास्टरमधलं बारीक भोक टाकीकडे उघडं राहायला हवं, म्हणून पेडलच्या टोकाला तीन-चार मिमी मोकळी चाल असलीच पाहिजे. ती खाल्ली की भोक झाकलं जातं, तापलेलं तेल फुगतं आणि त्याला परत जायला वाट उरत नाही. गाडी सकाळी ठीक चालते, पर्वरीच्या रांगेत तापली की घसरते. खात्री करायची तर घसरत असताना स्लेव्हचं ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) क्षणभर सैल करा. तेलाची चिळकांडी उडाली आणि क्लच लगेच धरू लागला, तर दोष याच भोकाचा. डोळ्यांना चष्मा हवा, आणि तेल रंगावर पडू देऊ नका.

आता अर्धा दिवस कशाला लागतो ते. एमजीबीची क्लच प्लेट बदलायची तर इंजिन बाहेर काढावं लागतं. ते करण्याआधी चाल नेमकी कुठे हरवते हे मोजलेलं बरं. मास्टरचा बोअर पाऊण इंच, स्लेव्हचा सव्वा इंच, म्हणजे क्षेत्रफळं 9 ला 25. मास्टरचा पिस्टन 25 मिमी सरकला तर स्लेव्हचा 9 मिमी सरकतो. एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि गाडीखाली स्टीलची पट्टी धरून स्लेव्हच्या रॉडची हालचाल मोजा. बारा मिमीच्या आसपास मिळायला हवी. तेवढी असूनही रिव्हर्स करकरत असेल तर आयडलिंग जास्त आहे का पाहा. नसेल तर दोष बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, आत : फोर्कचा बुश, कार्बनचं रिलीज बेअरिंग किंवा शाफ्टला पकडणारा स्पिगॉट बुश. दहा मिमीपेक्षा कमी असेल तर इंजिनला हात लावू नका, चाल बाहेरच, पेडल आणि स्लेव्हच्या मध्ये हरवते आहे.

सर्वाधिक चाल खाते ती मास्टरचा रॉड पेडलला जोडणारी क्लेव्हिस पिन, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष. अडीच सूत जाडीची ही पिन झिजून मध्ये खाच पडते, पेडलचं भोक लांबट होतं. तिथे तीन मिमी ढिलेपणा म्हणजे स्लेव्हला जवळजवळ एक मिमी कमी, आणि पावलाखाली त्याच्या कित्येक पट रिकामी चाल. नुसती पिन बदलून अर्धंच काम होतं. पेडल काढून लेथवाल्याकडे भोक भरून नव्याने पाडून घ्या. पिनच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट नको, त्याचे आटे भोक करवतीसारखे कापतात. खालच्या टोकाला, स्लेव्हच्या रॉड आणि फोर्कमध्येही, अशीच पिन आहे.

पेडल तीन-चारदा भराभर दाबल्यावर क्लच सुधारत असेल तर हवा आहे. गियर टाकून पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू सरकू लागली आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टरचा सील. जुना रबरी होज दाबाखाली फुगतो, तो हाताला कळतो. हवा वरून काढायला मास्टर आणि स्लेव्हमधला पाइप त्रास देतो, म्हणून खालून ढकला. फार्मसीतून 50 मिलीची नवी सिरिंज आणि निपलवर घट्ट बसणारी नळी घ्या, ताजं तेल निपलमधून सावकाश वर चढवा आणि टाकी ओसंडण्याआधी तेल काढून घेत राहा. स्लेव्ह सुटा असताना पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर उडतो.

डॉट 4 पाणी शोषतं, हे तुमचं खरं. पण सिलिकॉन तेलात शिरलेलं पाणी मिसळत नाही, ते सर्वांत खाली म्हणजे स्लेव्हमध्येच साचतं आणि नेमका तिथेच बोअर गंजतो. शिवाय त्यात बारीक बुडबुडे टिकून राहतात, पेडल मऊ लागतं. सगळे सील आणि होज नवे घालून, यंत्रणा पूर्ण कोरडी करून डॉट 5 भरलंत तर माझी हरकत नाही. जुन्या डॉट 4 वर ते ओतू मात्र नका. मी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये डॉट 4 बदलायला सांगतो, एवढ्या छोट्या यंत्रणेला अर्धा लिटर पुरून उरतं.

आणि गाडी पावसाळाभर उभी असेल तर वरचं काहीही करण्याआधी एक शक्यता तपासा. प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असते. रॉडची चाल पुरेपूर, तरी गियर मुळीच पडत नाही, अशी तिची खूण.