पैसे टाटांचे, पण बांधले कोणी?

आज दुपारी एका नातलगाकडे जावळाचे जेवण होते. पांढऱ्या रश्श्याची वाटी हातात असतानाच समोरच्या पंगतीतील एका शिकल्यासवरल्या तरुणाने मोबाईलवरचे एक रील सगळ्यांना दाखवले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचा आराखडा म्हणे एका इंग्रज साहेबाने काढला, काम सोपवून तो विलायतेला गेला आणि परत येऊन पाहतो तर इमारत उलटी बांधलेली, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. तेव्हा त्याने वरच्या मजल्यावरून उडी टाकून जीव दिला. पंगत हळहळली. "आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या साहेबाचंही असंच झालं होतं," अशी पुस्ती एका काकांनी जोडली आणि मटणाचे पातेले पुढच्या पानाकडे सरकले. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसून वाद घालू नये एवढे वळण आम्हांला आहे, म्हणून मी तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

ताजचा आराखडा इंग्रज साहेबाने काढलेलाच नाही. तो काढला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. हे वैद्य म्हणजे कोणी नवशिके नव्हते. बोरीबंदरचे भव्य स्टेशन फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या हाताखाली उभे राहत असताना ते तिथे सहायक अभियंता होते. ताजचे काम चालू असतानाच १९०० साली त्यांचे निधन झाले आणि राहिलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पुरे केले. चेंबर्स यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे, ते मी देतो. पण ज्याने शेवट केला त्याच्या जातीचा एक काल्पनिक साहेब उभा करायचा, त्याला गच्चीवरून ढकलायचे आणि ज्याने आरंभ केला त्या वैद्यांचे नावही घ्यायचे नाही, ही कोणती रीत झाली?

आणि उलटी म्हणजे काय? त्या काळी पाहुणे घोडागाडीतून शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेश शहराकडून ठेवला होता आणि समुद्राची हवा आणि देखावा मिळावा म्हणून खोल्या बंदराकडे काढल्या होत्या. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे, ती पूर्वीची दर्शनी बाजू. ज्या गेटवेकडे तोंड करून ताजने उभे राहायला हवे होते असे लोकांना वाटते, त्या गेटवेची पायाभरणी ताज उघडल्यानंतर काही वर्षांनी झाली आणि तो खुला झाला १९२४ साली. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले होते. नसलेल्या कमानीकडे कोणी कशासाठी तोंड करील?

माझ्या या चिडचिडीचे मूळ आमच्या अप्पांमध्ये आहे. अप्पा गवंडी होते; कोल्हापुरातल्या कितीतरी घरांचे पाये आणि कोनाडे त्यांच्या हातचे आहेत. मी शाळेत असताना ते मला महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला घेऊन गेले होते. गेटवेपाशी सगळी माणसे समुद्राकडे पाहत होती, लाँचची तिकिटे काढत होती, आणि अप्पा गेटवेकडे पाठ करून ताजकडे तोंड करून उभे होते. त्यांनी तंबाखूच्या बटव्याची दोरी सोडली, तिच्या टोकाला घराची किल्ली बांधली, हात लांब धरला, एक डोळा मिटला आणि कोपऱ्यावरच्या बुरुजाची कड त्या दोरीशी लावून पाहिली. किल्ली वाऱ्याने हलत होती. ती थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग म्हणाले, "ओळंब्यात आहे." मग दाराशी असलेल्या पगडीवाल्या दरवानाकडे जाऊन त्यांनी विचारले, "हे कोणी बांधलं?" तो म्हणाला, "टाटांनी." अप्पा म्हणाले, "पैसे टाटांचे, ते ठावं हाय. बांधलं कोणी?" दरवानाने हात हलवून आम्हांला बाजूला केले. तो दिवसभर उन्हात उभा होता, त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्याला तरी कोणी सांगितले होते?

टाटांचे मोठेपण मी कमी करतो आहे असे कोणी समजू नये. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला होता, माणसे शहर सोडून पळत होती, आणि त्याच दशकाच्या अखेरीस जमशेटजी अपोलो बंदरावर हॉटेलचे काम काढतात, याला छाती लागते. त्यांच्या बहिणीने "आता भटारखानाही काढणार का?" असा टोमणा मारल्याची आठवण सांगतात. त्यांनी विजेची यंत्रे जर्मनीहून आणवली, दिवाणखान्याचे लोखंडी खांब पॅरिसहून आणवले, आणि विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या मुंबईतल्या अगदी पहिल्या इमारतींत ताजचे नाव लागले. उघडले त्या दिवशी पाहुणे मात्र अवघे १७ होते, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी जर्मनीत वारले. हॉटेलची भरभराट त्यांना पाहता आली नाही. टाटांना एका गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट तर आपण पोराबाळांना सांगतोच. तिलाही भक्कम पुरावा नाही, असे अभ्यासक म्हणतात. चला, हे मान्य. पण त्या गोष्टीत निदान कोणाचे नाव पुसले जात नाही.

नाव पुसण्याचा विषय निघालाच आहे, तर तो जिना आठवा. मधल्या घुमटाखालचा, आधार कुठे आहे हे डोळ्यांना न दिसणारा, तरंगल्यासारखा वर चढत जाणारा जिना. इमारतीचे बांधकाम करणारे खानसाहेब सोराबजी रतनजी कंत्राटदार यांनीच तो जिना योजला आणि बांधला. एका बांधकाम कंत्राटदाराने! अप्पा गेल्यानंतर मला एका चर्चासत्राच्या निमित्ताने आत जाण्याचा योग आला, तेव्हा जमशेटजींच्या अर्धपुतळ्यापाशी उभा राहून मी वर मान करून तो जिना पाहत होतो. दगड भिंतीत किती खोल गेला असेल, वरच्या पायरीचे वजन खालची कशी घेत असेल, हे अप्पांनी मला बोटाने दाखवले असते. सोबतचे सभ्य गृहस्थ तिथे सेल्फी काढत होते. काढा बापडे.

आता कोणी म्हणेल, जिथे एक कप चहा प्यायचा तर आपला आठवड्याचा बाजार होतो, त्या श्रीमंतांच्या हॉटेलचा आपल्याला एवढा पुळका कशाला? मुद्दा अगदीच खोटा नाही. पण पहिल्या महायुद्धात तिथे ६०० खाटांचे रुग्णालय होते, हेही त्याच भिंतींनी पाहिले आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री घुमटाखालून धूर निघताना आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, तेव्हा तिथले वाढपी, आचारी, टेलिफोनवरच्या मुली पाहुण्यांना मागच्या वाटांनी बाहेर काढत होत्या. पळून जाण्याचे रस्ते त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक होते, तरी बरेच जण थांबले आणि त्यातले काही मेले. महाव्यवस्थापकाची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर मृत्युमुखी पडली आणि तो माणूस खाली काम करीत राहिला. हे लिहिताना माझा राग थोडा निवतो आहे, हे कबूल करतो. जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली, तेव्हा किती गवंडी, सुतार, रंगारी त्या धुरकटलेल्या भिंतींवर राबले असतील, याचा विचार माझ्या मनात आला होता. बातम्यांत झुंबरे दिसली.

आणि काका, न्यू पॅलेसचे म्हणाल तर त्याचा आराखडा काढणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ साली वारले, पॅलेस पुरा झाला १८८४ साली. आपली गणिते चुकली आणि आपण आखलेल्या इमारती कोसळणार, या धास्तीने त्यांचे डोके फिरले, असे सांगतात. त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. पण त्यांची गणिते चुकली नव्हती, हे त्यांनीच आखलेल्या टाऊन हॉलच्या बागेत शेंगा खात बसणाऱ्या कोणालाही मान वर केली की दिसते. न्यू पॅलेसचा काळा दगड आजही जागचा हललेला नाही. तो दगड घडवणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणी सांगू शकेल का? आपल्याला फक्त साहेबाचे मरण पाठ! एका गोष्टीत साहेब उडी मारतो, दुसरीत वेडा होतो, आणि दोन्हींत काम करणारा माणूस गायब. ऐकायला रंगतदार आहेत या गोष्टी, नाही कशाला म्हणू; पण ज्यांचे वाडवडील दगडात हात झिजवून गेले त्यांनी तरी त्या जेवणाच्या पंगतीत चघळू नयेत.

"ताजचे पुराण पुरे, आपल्या शालिनी पॅलेसवर लिहा," असे काही मित्र खाली लिहितील, ते मला आताच दिसते आहे. बरोबर आहे. रंकाळ्याच्या काठचा तो घड्याळाच्या मनोऱ्याचा वाडा १९३१ ते १९३४ या काळात उभा राहिला, राजकन्या शालिनीराजे यांचे नाव त्याला मिळाले, १९८७ साली तिथे हॉटेल सुरू झाले आणि पुढे ते बंद पडले, एवढे आपण सगळेच सांगतो. याच्या पुढचे मला हवे आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शालिनी पॅलेसवर किंवा न्यू पॅलेसच्या दुरुस्तीवर गवंडीकाम, सुतारकाम, दगडकाम केले असेल, ज्यांच्या माळ्यावर दगड घडवायची जुनी टाकी, काटकोन तपासायचा गुण्या, हजेरीची वही किंवा कामावरचा एखादा फोटो पडून असेल, त्यांनी नाव, गाव आणि केलेले काम मला निरोपात कळवावे. फोटो पाठवताना मागची बाजूही पाठवावी, बहुतेक वेळा नावे तिथे लिहिलेली असतात. रीलवाल्या तरुणालाही मी हीच विनंती पाठवली आहे. त्याचे आजोबा सुतार होते, हे मला ठाऊक आहे.