न चमकणाऱ्या रेडियमबद्दल खुलासा

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: महूच्या लष्करी छावणीकडची जुनी लष्करी घड्याळं बिनधास्त घ्या, काटे अंधारात चमकत नसतील तर रेडियम संपलंय, घरीच उघडून पुसून घ्या.

हौस समजते. काळी तबकडी, ठळक आकडे, एका नजरेत वेळ. पण पुसण्याचा सल्ला धोक्याचा आहे.

काट्यांच्या रंगात चमकतं ते जस्ताचं सल्फाइड; त्याला चमकवतं ते रेडियम, म्हणजे किरण सोडत राहणारं किरणोत्सारी मूलद्रव्य. या किरणांच्या माऱ्याने सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं. रेडियम मात्र तिथेच राहतं. या रेडियम-२२६चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षं! १९४५च्या सुमारास बारा कंपन्यांनी ब्रिटिश लष्कराला पुरवलेल्या, बाणाची खूण असलेल्या घड्याळांच्या मूळ तबकड्यांवर हेच आहे. नंतर रेडियमच्या जागी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, आलं (ब्रिटिश लष्करी तबकडीवर वर्तुळात ‘टी’). त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे ते खरंच ओसरतं. मेसेज लिहिणाऱ्याची गल्लत बहुधा इथेच झाली.

बंद घड्याळात रेडियमचे अल्फा किरण काचेतच अडतात, जास्त भेदक असे गॅमा किरण थोडे बाहेर येतात. खरी भीती सुटलेल्या भुकटीची: श्वासातून किंवा तोंडातून शरीरात गेली की रेडियम हाडांत साठतं. त्यामुळे झाकण उघडू नका, तबकडी खरवडू नका. राजवाड्याजवळ दुरुस्तीला दिलंत, तर घड्याळजींना आधी सांगा.