केळीच्या खोडाची पिशवी

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. केळी आली की खोड आलं, आणि खोड आलं की हल्ली एक प्रश्न ठरलेला: "याचं प्लास्टिक का नाही करत?" रावेर-यावलच्या पारावर, कृषी प्रदर्शनात, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, सगळीकडे दोन पक्ष असतात. एक म्हणतो कारखाना काढा, बांधावर पडलेल्या खोडाचे पैसे होतील. दुसरा म्हणतो, हे सगळं बक्षिसापुरतं. जर्मनीत बसून हा वाद ऐकताना एक गोष्ट खटकते. दोन्ही पक्ष प्लास्टिक बनेल की नाही यावरच भांडतात. ते कुजणार कुठं, याबद्दल कोणी बोलत नाही. इथं सगळं भांडण नेमकं त्यावर आहे.

बनवण्याचं आधी उरकतो, कारण त्यात गूढ काही नाही. खान्देशातल्या बायका दर उन्हाळ्यात जैविक प्लास्टिकच करतात, फक्त त्याला कुरडई आणि बिबडे म्हणतात. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि उकळत्या पाण्यात चीक शिजवायचा. म्हणजे स्टार्च वेगळा काढला, पाण्यात तापवला, त्याचे कण फुगून फुटले आणि लगदा पारदर्शक झाला. ज्वारीचा घाटा ओल्या धोतरावर पातळ पसरून बिबडे वाळवतात, त्यालाच प्रयोगशाळेत फिल्म ओतणं म्हणतात. फरक एवढाच की तिथं ग्लिसरीन घालतात. १० ग्रॅम स्टार्च, १०० मिलि पाणी, ३ ग्रॅम ग्लिसरीन. ८५ ते ९० अंशांपर्यंत ढवळत तापवायचं, सपाट ताटात ओतायचं, ४५ अंशांना दिवसभर वाळवायचं. हाताला लवचीक लागणारा पापुद्रा निघतो. ग्लिसरीन विसरलात तर बिबडाच.

हा पापुद्रा मे महिन्यात भुसावळला ठेवून बघा. पारा ४४-४५ वर आणि हवा कोरडी. त्यातलं पाणी उडतं आणि तो कडकन मोडतो. श्रावणात तोच पापुद्रा हवेतली ओल ओढून बोटाला चिकटतो आणि आठवड्यात बुरशी धरतो. ग्लिसरीन वाढवलं तर उन्हाळा निभतो पण पावसाळ्यात चिकचिक वाढते. कमी केलं तर उलट. वर्षभर चालणारं एकच प्रमाण खान्देशच्या हवेत सापडत नाही, म्हणून नुसत्या स्टार्चची पिशवी खान्देशात टिकत नाही.

केळीच्या सालीचा प्रयोग तर ठरलेलाच. सालीचा लगदा, थोडं सौम्य आम्ल, ग्लिसरीन, मग आम्ल मारायला तेवढाच कॉस्टिक सोडा, आणि ओव्हनमध्ये सव्वाशे अंशांच्या आसपास वाळवणं. मुलं बहुतेक वेळा घरातली पिकलेली केळी वापरतात आणि प्रयोग फसतो. केळी पिकते म्हणजे स्टार्चची साखर होते. साखरेची फिल्म होत नाही, गुळाचा पाक होतो. साल हिरवी हवी आणि सोलल्याबरोबर मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात टाकायला हवी, नाहीतर तासाभरात काळी पडते. पण हिरव्या केळीची साल कारखान्याला रोज टनांनी कोण देणार? वेफर्सवाले देतील थोडी. बाकी केळी साल घालूनच बाहेर जाते, आणि साल दिल्लीच्या नाहीतर दुबईच्या कचऱ्यात पडते.

आता खोड. पाच बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी १७४२ झाडं बसतात. खोड सरासरी ३० किलोचं धरलं तर एकरी ५२ टन. आकडा ऐकून गुंतवणूकदाराचे डोळे चमकतात, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी आहे. दहा टनांचा ट्रक भरून नेला तर त्यात कोरडा माल सात-आठ क्विंटल. धागा काढणाऱ्या यंत्रातून ओल्या वजनाच्या जेमतेम एक टक्का धागा निघतो. बांधापासून पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे खोड वाहून नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी फिरवणं.

बरं, धागा मिळाला, त्यात सेल्युलोजही (झाडाच्या धाग्याचा मुख्य घटक) भरपूर आहे. पण सेल्युलोज वितळत नाही. तापवलं की थेट जळतं. पिशवी फुगवायच्या यंत्रात घालण्याजोगं करायचं तर त्याच्यावर रासायनिक क्रिया करावी लागते. असिटिक आम्लाची जोड देऊन असिटेट केलं की ते वितळण्याजोगं होतं, पण जितका असिटेटचा भाग जास्त तितकं कुजणं मंद. कापसाच्या पऱ्हाटीत तर जवळजवळ पाव भाग लिग्निन, म्हणजे लाकूड कडक करणारा घटक, तो आधी काढावा लागतो. दुसरा मार्ग पीएलए नावाच्या प्लास्टिकचा: सेल्युलोजची साखर करायची, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल, त्यापासून पीएलए. जगात आज मोठ्या प्रमाणावर बनणारं पीएलए, उदाहरणार्थ अमेरिकेत मक्यापासून आणि थायलंडमध्ये उसापासून येतं, म्हणजे थेट स्टार्च आणि साखर यांपासून, काडीकचऱ्यापासून नाही. कचऱ्यातून साखर सोडवण्याचा खर्च साखर विकत घेण्यापेक्षा जास्त पडतो. दोंडाईच्याला मक्याचा स्टार्च बनतो. खान्देशात पीएलएची वाट काढायची झाली तर तिथून निघेल, केळीच्या बांधावरून नाही. आणि पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद ट्रकमध्ये ठेवलेला पीएलएचा डबा अमळनेरहून निघताना चौकोनी असला तरी पोचताना चौकोनी राहील याची खात्री मी देणार नाही.

कुजण्याबद्दल इथं काय चाललंय ते सांगतो. युरोपात ईएन १३४३२ नावाचं मानक आहे. कंपोस्टमध्ये बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ मालाच्या दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये, आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा; तोही ५८ अंशांच्या आसपास. जर्मनीतले बरेच कंपोस्ट कारखाने बारा आठवडे माल ठेवतच नाहीत. शिवाय चाळणीवरच्या यंत्राला साधी पिशवी आणि कुजणारी पिशवी यांतला फरक कळत नाही. दिसलं प्लास्टिक की काढ बाहेर. म्हणून अनेक जर्मन शहरांत ओल्या कचऱ्याच्या डब्यात 'कुजणारी' पिशवी टाकायला मनाई आहे, कागदाची चालते. इटलीने उलटं केलं. २०११ पासून दुकानात एकदाच वापरायची पिशवी कुजणारीच, आणि तीच पिशवी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यासाठी घरोघरून गोळा. मिलानमध्ये ते नीट चालतं. माल दोन्ही देशांत सारखाच, फरक पडला तो गोळा करणाऱ्या गाडीने.

युरोपने ३ जुलै २०२१ पासून एकदाच वापरायचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ बंद केले तेव्हा पीएलएच्या वस्तूंनाही सूट दिली नाही. भारतात १ जुलै २०२२ च्या बंदीत कंपोस्ट होणाऱ्या मालाला सूट आहे. महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच प्लास्टिकबंदी. सूट असली की नक्कल येते. बाजारातली 'मक्याची पिशवी' बहुतेक वेळा पीबीएटी नावाचं कुजणारं प्लास्टिक आणि थोडं पीएलए किंवा स्टार्च असते, आणि पीबीएटी मुख्यतः पेट्रोलियममधूनच येतं. तीही एकवेळ चालेल, निदान कुजते तरी. खोटी पिशवी असते साध्या पॉलिथिनची. घरी करायची एक चाचणी: पिशवीचा छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे बोटाने पुसून काढा आणि सोडा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, वर येतं. पीबीएटी आणि पीएलए बुडतात. तरंगला तर पिशवी नक्की खोटी. बुडाला तर खरी असेलच असं नाही, कारण खडूची भुकटी भरलेलं पॉलिथिनही बुडतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. जळगाव-धुळ्यात ५८ अंशांचा कंपोस्ट ढीग आणि तिथवर नेणारी गाडी नसेल, तर पिशवीच्या मागे लागू नये. जी वस्तू शेतातच राहते आणि शेतातच कुजते, ती करावी. त्यासाठी युरोपात वेगळं मानक आहे, ईएन १७०३३: मल्चिंगची, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकणारी, फिल्म मातीत, साधारण २५ अंशांना, दोन वर्षांत ९० टक्के कुजायला हवी. खान्देशची माती वर्षातला बराच काळ त्याहून गरमच. पण फिल्मसाठी पुन्हा बहुतेक वेळा पीबीएटीच लागतं. खोडातून सरळ निघेल अशी वस्तू म्हणजे टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत तयार केलेल्या) रोपाची कुंडी. एकरी १७४२ रोपं म्हणजे एकरी १७४२ काळ्या पिशव्या, ज्या लागवडीच्या दिवशी फाडून बांधावर फेकल्या जातात. त्याजागी लगद्याची कुंडी.

धागा काढल्यावर यंत्राखाली पडतो तो चोथा घ्यायचा, पिळायचा, दोन दिवस उन्हात वाळवायचा. कोरड्या वजनाच्या १० टक्के कॉस्टिक सोडा, दहापट पाणी, उकळीजवळ दोन-अडीच तास. ब्लीच अजिबात नको, कुंडी पांढरी असून कोणाला दाखवायची आहे! धुवायचं, कुटायचं, एक टक्का लगदा ९९ टक्के पाणी अशा पातळपणाला आणायचं. जाळीच्या साच्यातून व्हॅक्यूमने पाणी ओढून मग १६० ते १८० अंशांच्या गरम साच्यात दाबायचं. इथं पहिली अडचण येते: खोडाच्या गाभ्यातल्या बारीक पेशी जाळी बुजवतात आणि पाणी निघतच नाही. निम्मा चोथा आणि निम्मा लांब धागा किंवा उसाच्या चिपाडाचा लगदा असं मिश्रण करून पाहावं. दुसरी अडचण काळ्या पाण्याची. दिवसाला १०० किलो चोथा शिजवला की हजार लिटर क्षारयुक्त पाणी, वर धुण्याचं वेगळं. ते गिरणेत किंवा तापीत सोडलं तर पर्यावरणाच्या गप्पा बंद कराव्यात. पुढच्या घाण्यात तेच पाणी पुन्हा वापरून, उरलेलं आम्लाने उदासीन करून, निवळवूनच बाहेर काढायचं, आणि हा खर्च पहिल्या दिवसापासून भावात धरायचा.

कुंडीने शेडनेटमध्ये सहा ते आठ आठवडे ओल सोसली पाहिजे आणि मातीत गेल्यावर मूळ आरपार गेलं पाहिजे. भिंत दोन मिलिमीटरच्या आत ठेवा. जाड केली तर मुळं आत गोल फिरतात. लगद्यात आणि कुंडीच्या भिंतीत नत्र जवळजवळ नसतं, त्यामुळे कुजताना ती आजूबाजूचं नत्र खेचते आणि रोप पिवळं दिसतं. लोक त्याला रोग समजून फवारणी करतात. लागवडीच्या वेळी नत्राचा पहिला हप्ता थोडा लवकर द्यावा. काठ मातीच्या वर राहिला तर तो वातीसारखा पाणी ओढून वाऱ्यात उडवतो. काठ बोटभर मातीखाली गाडावा.

एका कुंडीला १२ ग्रॅम धरले तर एकरी २१ किलो लगदा लागतो. एकरी खोडात कोरडा माल साडेतीन टनांच्या पुढे. म्हणजे कुंड्यांना एक टक्काही पुरे, बाकी खोड जिथं आहे तिथंच राहू द्यावं. पिलबाग, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पुढचं पीक, घेणारा शेतकरी मूळ झाडाचं खोड लगेच काढत नाही, त्यातलं अन्न पिलाला मिळतं हे त्याला ठाऊक असतं. खोडात पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर असतो. ते कुटी करून शेतातच टाकलं तर तेवढा पालाश विकत घ्यावा लागत नाही. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याचा बराचसा भाग खत आहे, आणि तो कारखान्याला विकला तर पोटॅशच्या गोणीच्या रूपात परत विकत घ्यावा लागेल.

चाचणी कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीच्या लागवडीत, घ्यावी. शंभर रोपं लगद्याच्या कुंडीतली, शंभर नेहमीच्या पिशवीतली, आलटून पालटून ओळीत, पाणी आणि खत सारखं. तीस, साठ आणि नव्वद दिवसांनी दोन्हीकडची पाच-पाच रोपं उकरायची, मुळं धुवायची आणि कुंडीचा तुकडा उरला असेल तर वाळवून वजन करायचं. नव्वदाव्या दिवशी तुकडा अजून अखंड हाताला लागला तर भिंत जाड आहे. कुंडी शेडनेटमध्येच फाटायला लागली असेल तर साचा पुरेसा गरम झाला नव्हता किंवा लगदा नीट कुटला नव्हता.