बॅन्फच्या झऱ्यात हात बुडवू दिला नाही, या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एवढं कॅनडाला जाऊन बॅन्फच्या गरम झऱ्यात नातीला साधा हात बुडवू दिला नाही, गाईडने सगळ्यांसमोर अडवलं आणि वर अर्धा तास गंधकाचा वास सोसावा लागला, म्हणून पुढच्या वेळी गुहेचा वेळ कमी करा, असं तुम्ही लिहिलंय. लहान पोरीचा हिरमोड झाला याचं मलाही वाईट वाटतं. पण गाईडने केलं ते बरोबरच केलं, आणि पुढच्या ग्रुपलाही तो अडवेल.

केव्ह अँड बेसिन, म्हणजे तुम्ही पाहिलेली झऱ्याची गुहा आणि कुंड, तिथल्या पाण्यात बॅन्फ स्प्रिंग्ज स्नेल नावाची गोगलगाय राहते. मोठी झाली तरी करंगळीच्या नखाएवढी, शंखाचा पीळ डावा. जगात ती फक्त तिथल्या सल्फर माउंटन या डोंगराच्या झऱ्यांमध्येच आहे. पाण्यावर जो शेवाळाचा, जिवाणूंचा बुळबुळीत थर दिसतो ना, तोच तिचा आसरा आणि तेच तिचं खाणं. नुसतं पाणी ढवळलं तरी तो फाटतो, आणि हाताला लावलेलं सनस्क्रीन किंवा डासांचं क्रीम पाण्यात उतरतं ते वेगळंच. तिथे स्पर्शाला बंदी आहे ती यासाठी.

ही भीती उगाच नाही. झऱ्यांचं कोमट पाणी खाली ज्या दलदलीत उतरतं, तिथे १९२४ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी बाहेरचे मासे सोडले. पुढे लोकांनी घरच्या टाक्यांतले मासेही आणून टाकले. त्या दलदलीतला बॅन्फ लाँगनोज डेस हा मासा आज जगात कुठेही उरलेला नाही.

तुम्हाला आवडलेलं ते सगळं जंगल राखलं गेलं तेही या झऱ्यांपायीच. स्थानिक आदिवासींना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १८८३ मध्ये रेल्वेचे कामगार तिथे पोहोचले, मालकीवरून भांडणं लागली, आणि १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखीव केली. कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान त्यातूनच उभं राहिलं. आज ते ६,६४१ चौरस किलोमीटर आहे.

गरम पाण्यात डुंबण्यासाठी सल्फर माउंटनवरच अप्पर हॉट स्प्रिंग्जचा तलाव आहे. त्याच संध्याकाळी आपला ग्रुप तिथे गेला होता. त्यामुळे गुहेचा वेळ कमी करा ही तुमची सूचना मी घेणार नाही.

नातीला त्या गोगलगायीबद्दल काही विचारायचं असेल तर ऑफिसला फोन करा. गाईडशी तिचं बोलणं करून देतो.