मालक पाहिजे म्हणे!

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. कोल्हापूरच्या पेठेतल्या तालमींच्या टीमांनी जन्मभर वर्गणीवरच खेळायचं का, एखादा तगडा बिल्डर नाहीतर कारखानदार गाठायचा, तो पैसे ओतेल, मग बघा आपला फुटबॉल कुठल्या कुठे जातोय. एकाने मलाच टॅग केलं, "भावा तू युरोपात बसलायस, सांग की यांना तिकडं कसं असतंय."

सांगतो. रोमानियात बुखारेस्टहून बुझाऊकडे निघालं की साठेक किलोमीटरवर उर्झिचेनी लागतं. वस्ती पंधरा-सतरा हजारांची, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव, मोल्दोव्हाकडे जाणारे लोक इथे कॉफीला थांबतात आणि पुढे जातात. या गावच्या क्लबाचं नाव उनिरेआ. स्थापना 1954 ची, पण पन्नास वर्षं त्याला कोणी विचारत नव्हतं. मग दुमित्रू बुक्शारू नावाच्या उद्योगपतीने पैसे घातले, चेल्सीकडून खेळलेला डॅन पेत्रेस्कू कोच म्हणून आला, त्यामुळे पेपरवाले टीमला यालोमित्साची (हा तिथला जिल्हा) चेल्सी म्हणायला लागले. 2006 ला पहिल्यांदा टॉप लीगमध्ये, 2009 ला थेट चॅम्पियन! स्टेआवा, दिनामो हे बुखारेस्टचे मोठे क्लब सगळे मागे.

त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. ग्लासगोला जाऊन रेंजर्सला 4-1 हाणलं, इथे स्पेनच्या सेव्हियाला 1-0. शेवटची मॅच जर्मनीत श्टुटगार्टला, ड्रॉ झाली असती तरी पुढच्या फेरीत गेले असते, पण पहिल्या अकरा मिनिटांत तीन गोल खाल्ले, आणि त्यातला पहिला मारणारा मारिका रोमानियाचाच! तरी 8 पॉइंट घेऊन ग्रुपमध्ये तिसरे, मग युरोपा लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या दोन नंबरच्या स्पर्धेत, लिव्हरपूलशी गाठ. आता मला सांगा, अजून कुठे जायचंय आपल्याला?

हां, पण या होम मॅचेस गावात झाल्याच नाहीत. गावचं स्टेडियम जेमतेम सात हजारांचं, म्हणून बुखारेस्टला स्टेआवाच्या ग्राउंडवर. स्वतःच्या गावची टीम सेव्हियाला हरवते ते बघायला बस धरून परगावी जायचं.

आणि पुढचं ऐका. ग्रुप स्टेज संपली न संपली तोच पेत्रेस्कू रशियातल्या क्लबकडे गेला, मालकाने हात आखडता घेतला, एकेक प्लेअर विकला गेला, 2011 ला टीम रेलिगेट झाली आणि खालच्या डिव्हिजनमध्ये एक मॅचही न खेळता क्लब बंद. ग्लासगोच्या त्या रात्रीला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू, त्याच्या गावचं, स्कॉर्निचेश्तीचंही तेच, साहेब होते तोवर फर्स्ट डिव्हिजन, 1989 च्या डिसेंबरात साहेब गेले आणि काही आठवड्यांत टीम लीगबाहेर. लांब कशाला, पुण्याची आयएसएल (इंडियन सुपर लीग) टीम आठवते का कोणाला?

मागच्या उन्हाळ्यात मुद्दाम उर्झिचेनीला उतरलो होतो. स्टेडियमचं नाव 'तिनेरेतुलुइ', म्हणजे तरुणांचं, चक्क तरुण मंडळच म्हणा ना. गेटला कुलूप होतं. बाहेर बाकावर एक म्हातारबाबा सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले, पायाशी टरफलांचा हा ढीग. मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरची शेंगांची टरफलं आठवली आणि उगाच घशात काहीतरी झालं. रेंजर्सचा विषय काढला तर बाबा म्हणाले, टीव्हीवर बघितली, काय मॅच होती. मग नंतर गावात त्याच नावाने पुन्हा टीम उभी राहिली त्याबद्दल बोलले, खालच्या लीगमधली, ती बघायला मात्र ते स्वतः जातात.

मी पण छाती फुगवून सांगितलं, आमच्याकडे प्रत्येक पेठेची टीम आहे, फायनलला पोलीस बंदोबस्त लागतो. त्यांनी विचारलं, मालक कोण? आता तालमीला रोमानियन शब्द कुठून आणू, म्हटलं, गल्ली. त्यांना वाटलं माझी भाषा चुकली. मग म्हणाले, तू जातोस का मॅचला?

नऊ वर्षं नाही गेलो. मेमध्ये सुट्टी मिळत नाही, तिकीट महाग, पोरीची शाळा, कारणं सगळी खरी आहेत. युट्यूबवर लाइव्ह लावतो, पंधरा मिनिटांत बायको म्हणते आवाज कमी कर. इथल्या ऑफिसात मी कोल्हापूरचा, आणि कोल्हापूरच्या ग्रुपवर मी युरोपवाला.

हे सगळं, बाबांचं सोडून, काल ग्रुपवर टाकलं. दोन तास कोणी काही बोललं नाही. मग तालमीचा खजिनदार, शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, त्याचा मेसेज आला.

"भाषण झालं असलं तर वर्गणी टाक भावा, दोन वर्षांची ऱ्हायलीय."

तीन वर्षांची राहिलीय. मी काही बोललो नाही.